भाकरीतली पावडर

रुद्रेश,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवलीय. शेजारच्या लक्ष्मीबाईच्या छातीत दुखायलंय, तिला घेऊन दवाखान्यात चालले.

वनस्पतीतनं काढलेल्या स्टेरॉलच्या पावडरीनं कोलेस्टेरॉल थोडं उतरतंय, पण त्याची गोळी सोडू नका, असं डॉक्टरनं बजावलं व्हतं. तू पावडर विकतूस, तू म्हणलास, "आई, गोळी कशाला? पावडर बास झाली." पोटच्या पोराचा शब्द म्हणून म्या गोळी सोडली, भाकरीच्या पिठात रोज पावडर मळली. लक्ष्मीबाईलाबी तिची गोळी म्याच सोडायला लावली.

आज तुझा सदरा धुवायला घेतला, तर खिशात त्याच गोळीचं पाकीट निघालं. सूनबाई म्हणाली, "ते रोज घेतेत की."

पाकीट खिशात परत ठेवलंय. तुझी गोळी चुकवू नगंस.

आई