‘हाय’ म्हटलं की

१० नोव्हेंबर, सोमवार. पूजेनंतर.

आजपासून गाडीत फोनला हात लावायचा नाही. निश्चय.

काल विजापूर रोडने येताना देऊळ लागले. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने नमस्कार. सुकन्याने विचारले, “अहो, मग गाडी कोण चालवतंय?” बायकोच्या बोलण्यात कधीकधी तथ्य असते. मात्र उपाय तिला सुचला नाही, मला सुचला.

मुलगी अंकिता शिकायला पुण्याला गेल्यापासून तिचा टॅबलेट कपाटात पडून आहे. तो डॅशबोर्डवर बसवायचा. चावी फिरवली की टॅबलेट जागा होईल. तो ब्लूटूथने माझ्या खिशातल्या फोनला उठवेल. फोन हॉटस्पॉट सुरू करेल. मग नकाशा, स्तोत्र, आलेले मेसेज वाचून दाखवणे, सगळे आपोआप. पहाटे काकड आरतीला एक जण दुसऱ्याला हाक मारून उठवतो, तसे. मी फक्त चावी फिरवायची आणि नाम घ्यायचे.

संध्याकाळी गावाहून, मंद्रूपहून बिरूदादाचा फोन. आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकून कडक झाला आहे; डाव्यानेही अंधूकच दिसते. डॉक्टरांनी सांगितले, आणखी थांबलात तर हाताबाहेर जाईल. आई हल्ली कपाच्या शेजारी चहा ओतते. मेंढरे आवाजावरून ओळखते, माणसेही. पण ऑपरेशनचे नाव काढले की भांडते. भावकीतल्या एका म्हातारीचा ऑपरेशनात डोळा गेला, तेव्हापासून तिने धसका घेतला आहे.

दादाने आणि मी ठरवले. ३ डिसेंबरला इथे सोलापुरात ऑपरेशन. आईला सांगायचे, चष्म्याचा नंबर काढायचा आहे. एकदा दवाखान्यात पोचली की डॉक्टर समजावतील. आई “यष्टीनं न्हाय, सिद्धाच्या गाडीनं यीन” म्हणाली आहे. म्हणजे सगळी जबाबदारी माझ्या गाडीवर. योग्य माणसावर आली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

पहिली चाचणी यशस्वी. फक्त टॅबलेट माझ्या फोनला जोडला न जाता शेजारच्या सोमेशच्या नव्या स्पीकरला जोडला गेला. पहाटे साडेपाचला त्याच्या हॉलमध्ये रुद्र सुरू झाला. तो बनियनवर बाहेर आला. म्हणाला, “काका, मी नाइट शिफ्ट करून आलोय हो.” मी म्हणालो, तुमच्या घरात देवाचे नाव गेले, यात नुकसान काय? तो दार लावून आत गेला. पटले असावे.

१६ नोव्हेंबर, रविवार.

नवी पेठेत बसवेशच्या दुकानी टॅबलेटचा स्टँड आणि वायरिंग. चावीबरोबर सुरू आणि चावीबरोबर बंद, अशी वायर तो टाकत होता. मी थांबवले. टॅबलेटने झोपूच नये, थेट बॅटरीवरून दे, म्हणालो. देवाजवळची समई आपण रात्री विझवतो का? बसवेश म्हणाला, “साहेब, गाडी उभी असली तरी हा करंट ओढत राहतो. एक-दोन दिवस नाही काढली तर बसंल बॅटरी.” मी हसलो. एवढासा टॅबलेट असा किती ओढणार? दुकानदारांना घाबरवायची सवय असते.

गाडी निघाली की सुकन्याला आपोआप मेसेज जाईल, असेही बसवले: “निघालो. सुखरूप आहे.” तिला काळजी नको.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

सुकन्याला दिवसभर मेसेज. मी ऑफिसात फायलीत डोके घालून बसलेलो आणि तिकडे मी सारखा निघतो आहे. वायर सैल असावी. रात्री ताट वाढताना ती म्हणाली, “एकदाचं पोचा तरी.” विनोदबुद्धी चांगली आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

मोठा दिवस. आता टॅबलेटला बोलून हुकूम देता येतो. त्याला हाक मारायचा एक शब्द ठरवावा लागतो. तयार शब्द इंग्रजी आणि लांबलचक. मी लहान शब्द ठेवला: “हाय.” माणसाने कमी बोलावे. “हाय” म्हटले की आतून बाई विचारते, “बोला, मी ऐकत आहे.” नवे मेसेज असले तर सांगते आणि वाचू का म्हणून विचारते. परवानगीशिवाय वाचत नाही. संस्कारी आहे.

चुकून लागण्याचा धोका नाही. ऑफिसात कोणी कोणाला हाय करत नाही, नमस्कार करतात.

गाडी चालू असताना फोन आला तर तो आपोआप कट होऊन समोरच्याला मेसेज जाणार: “मी गाडी चालवत आहे. पोहोचल्यावर फोन करतो.” चित्त एकाग्र.

२३ नोव्हेंबर, रविवार. मंद्रूप.

दादाला गाडीतून फिरवून आणले. तालीम म्हणून.

दादा बसताच म्हणाला, “सीट लई मऊ हाय की.” बाई म्हणाली, “बोला, मी ऐकत आहे.” दादाने मागे वळून पाहिले. “आत कोन हाय?” “बोला, मी ऐकत आहे.” दादा सावरून बसला, पटका नीट केला. मी सांगितले, मशीन आहे. तो म्हणाला, “आसंना, बाईमानूस हाय न्हवं.” “बोला, मी ऐकत आहे.” मग तेरामैल फाट्यापर्यंत दादा एक अक्षर बोलला नाही. परस्त्रीसमोर तो मुळातच कमी बोलतो.

खाली उतरल्यावर माझ्या कानाशी म्हणाला, “सिद्धा, ही बाई आईम्होरं काय बोलली तर?” मी म्हणालो, तिला विचारल्याशिवाय ती बोलत नाही.

बाई पुनःपुन्हा का जागी होते याचा मात्र विचार केला. रस्त्याला खड्डे फार. कंपनामुळे होत असावे.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

सुकन्याला कंपनाबद्दल सांगितले. भाकरी थापता थापता ती थांबली. “कंपन कसलं? तुमच्या गावात ‘हाय’शिवाय एक वाक्य पुरं होतं का? आणि शब्द तोच ठेवलाय.”

मी तिला शांतपणे समजावले की, मी स्वतः पंचवीस वर्षे “आहे”च म्हणतो. ती म्हणाली, “व्हय, आणि चिडला की?” मी म्हणालो, मी काय चिडतो व्हय, गप हाय की मी! खाली पार्किंगमध्ये गाडीच्या काचा उघड्या होत्या. तिथून उत्तर आले.

शब्द बदलणार. आईला आणायचे त्या २ तारखेच्या आत. फक्त सेटिंगला अंकिताचा पासवर्ड लागतो आणि तिची परीक्षा आहे. तिच्या अभ्यासात व्यत्यय आणणे बरे नाही.

३० नोव्हेंबर, रविवार.

पासवर्ड राहिला. अंकिताचा फोन आला होता, पण बोलण्याच्या ओघात मी तिला सगळी व्यवस्थाच समजावत बसलो. “बाबा, छान,” म्हणाली.

आई तशीही परक्यासमोर फार बोलत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार. दुपारी, मंद्रूप. गाडीत बसून.

घडले ते क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट होईल.

आई पुढे बसली, दादा मागे. चावी फिरवली. टॅबलेट, फोन, हॉटस्पॉट, नकाशा, स्तोत्र, एकामागून एक. पहिल्यांदाच एका झटक्यात सगळे जुळले. माझे डोळे भरून आले. आईला दिसत नाही, पण ऐकून तिने हात जोडले.

गावाबाहेर पडलो तशी आई म्हणाली, “गार वारं येतंय. चांगलं हाय.”

“बोला, मी ऐकत आहे.”

आई म्हणाली, “कोन गं तू? कुनाची?”

मी म्हणालो, आई, बोलू नकोस तिच्याशी. आई मला रागावली. “का रं? गाडीत बसीवलंय तिला आन् बोलू नगं व्हय? मगाधरनं बिचारी गप हाय.”

“बोला, मी ऐकत आहे. एक नवीन संदेश आहे. वाचू का?”

मी हात पुढे केला. पण गाडीत यंत्राला हात लावायचा नाही हा निश्चय आठवला आणि तेवढ्यात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. दादा मागून मोठ्याने खोकला.

आई म्हणाली, “वाच की बाई. इचारती कशाला?”

बाईने दवाखान्याचा संदेश वाचला. स्वच्छ, शुद्ध मराठीत. अंबुबाई यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदू शस्त्रक्रिया उद्या सकाळी नऊ वाजता. सोबत एक नातेवाईक. भीती कमी करण्यासाठी रुग्णाला आधी कल्पना द्यावी.

स्तोत्र आपोआप पुन्हा सुरू झाले.

आई म्हणाली, “गाडी थांबीव.”

तेरामैलला थांबवली. दादा म्हणाला, “आई, चष्म्याचंच हाय गं...” बाई म्हणाली, “बोला, मी ऐकत आहे.” आई दार चाचपून उतरली. “कातराय न्हेत्यात तसं न्हेताय मला? मी काय मेंढरू हाय?” दादा तिच्यामागे उतरला. मी गाडी कडेला नीट लावून येईपर्यंत एक एसटी आली आणि दोघे तिच्यात चढले.

एसटी कुठली ते पाहायचे राहिले. मंद्रूपचीच असणार. आई रागावली की घरीच जाते. म्हणून मागे फिरलो. अजून पोचलेले नाहीत. एसटीचे असेच असते. आई आली की पाया पडून सांगणार. डोळा गेला तर मी स्वतःला क्षमा करणार नाही. दादालाही नाही.

व्यवस्थेने मात्र नेमून दिलेले काम चोख केले, हे मान्य करावे लागेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी, सोलापूर.

एसटी सोलापूरची होती.

आई दुपारपासून आमच्या घरी आहे. सुकन्याने मला पुष्कळ फोन केले. प्रत्येक वेळी तिला उत्तर गेले: “मी गाडी चालवत आहे. पोहोचल्यावर फोन करतो.” मी तेव्हा मंद्रूपला लिंबाखाली उभ्या गाडीत होतो. चावी काढायची राहिली होती.

मी पाया पडलो. आई शेंगाची चटणी आणि भाकरी खात होती. म्हणाली, “दोन पोरं पोटची, दोगंबी खोटं बोलली. एक ती बाई परकी, तिनं खरं सांगितलं. भीती वाटंल म्हनून आदी सांगा, आसं बी म्हनली. कुनाची हाय कुनास ठावं, पर वळन चांगलं हाय. कापायचं तर कापू द्या. पर माज्या पायानं जाईन.”

मी सुकन्याकडे पाहिले. म्हणजे व्यवस्था यशस्वी, हे तिने कबूल करावे, एवढीच अपेक्षा. तिने मला ताट वाढले.

३ डिसेंबर, बुधवार.

ऑपरेशन झाले. आई रिक्षाने गेली. मी गाडी घेऊन मागे. गाडी दवाखान्याच्या दाराशी लावून ठेवली आहे, उद्या आईला थाटात घरी आणायचे म्हणून. रात्री दादाबरोबर वॉर्डबाहेर बाकावर. त्याला नवी कल्पना सांगितली. तो झोपला होता.

४ डिसेंबर, गुरुवार.

सकाळी पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, उत्तम. मी तिथे नव्हतो. आई पायऱ्या उतरत असतानाच स्तोत्र लागावे म्हणून आधीच खाली येऊन गाडीत बसलो होतो.

चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

बसवेशने हे जरा जोर देऊन सांगायला हवे होते.

दार उघडे ठेवून, एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला लावून मी ढकलू लागलो. गाडी हलली तशी पायरीवरून आवाज आला. आई काळा चष्मा वर करून बघत होती. चार वर्षांत तिने मला नीट पाहिलेले नाही, हे मला तेव्हा सुचले.

“बिरू, ह्यो कोन रं म्हातारा? एकलाच गाडी ढकलतोय. जा की, हात लाव.”

दादा म्हणाला, “आई, सिद्धा हाय.”

“बोला, मी ऐकत आहे,” बाई म्हणाली. गाडी बंद होती. टॅबलेटची स्वतःची बॅटरी भरलेली होती.

आई म्हणाली, “तू गप गं जरा.” मग सावकाश खाली आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जिथे केस असत तिथे. “कवा रं झालं ह्ये? मला कुनी सांगितलं बी न्हाय.”

रिक्षाने घरी आलो. आई वाटभर माझ्याकडेच बघत होती. मी बाहेर बघत होतो. दारात सुकन्याने फोन दाखवला. दवाखान्यापाशी उभ्या असलेल्या गाडीचा मेसेज होता: “निघालो. सुखरूप आहे.”

उद्यापासून डोक्याला टोपी. निश्चय.