तुमचे बंधू भूत झाले त्याची हकीकत

तीर्थरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली वाकता येत नाही, तेव्हा तो बसल्या बसल्याच घातला असं समजावं.) तुमचा खोकला कसा आहे? डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय म्हणे. पाळताय ना? मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, भाऊ हल्ली तरी काही बोलतो का. त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे. इकडून तिकडून काही वावड्या तुमच्या कानावर आल्या असतील, तर त्या खऱ्या आहेत. तुमचे बंधू भूत झाले आहेत. प्रकृती उत्तम.

आता नीट सांगते. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं हे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत, ते तुम्ही पाहिलंच आहे. मला वाटायचं, रागावलेत. कशावर ते विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की माझ्याकडे बघायचे. ते बघणं तुम्हाला ठाऊक आहे. (तुमच्या घराण्यातलंच आहे, मी माहेरून आणलेलं नाही.) वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होते, पण कधी आवाज चढवला नाही. दुकानात शिरायचे, काट्याकडे एकदा बघायचे आणि दुकानदाराकडे एकदा. तेवढ्यावर माणूस आपण होऊन गल्ल्याखालची खोटी वजनं काढून द्यायचा. मापात पाप करणाऱ्यांसाठी ते बघणं ठीक, पण मी आपली रोज दोन वेळा वाढणारी बाई.

अशात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीनं सिनेमा काढायला घेतला. प्रायोगिक गॉथिक भयपट. गॉथिक म्हणजे काय गं, असं विचारलं तर म्हणाली, "मावशी, उंच जिने, लांब सावल्या आणि मोठ्या घराण्याचा जुना शाप." पैसे जेमतेम कॅमेऱ्यापुरते. जिना तिला एका बंद पडलेल्या वाचनालयात मिळाला. सावल्या टेबललॅम्पवर भागवल्या. घराणं आमचंच घेतलं. रात्री तिथली वीज बंद असते, म्हणून सिनेमातली रात्र आम्ही सकाळी दहा ते चारमध्ये करायचो, खिडक्यांना माझ्याकडचं काळं अस्तर ठोकून. वटवाघळं मी फाटक्या छत्र्यांची शिवली. धुकं माझ्या वाफेच्या इस्त्रीचं आणि एका प्रेशर कुकरचं. (कुकरची शिट्टी काढून ठेवायची असते, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तोवर कबरीतून दोनदा शिट्टी झाली होती.)

भुताच्या कामाला व्यायामशाळेतले मास्तर घेतले होते. सुळे लावले की त्यांना हसू फुटायचं आणि सुळे काढले की ते व्यायामशाळेतले मास्तर दिसायचे. भाची रडकुंडीला आली. त्या दिवशी मी चष्मा घरी विसरले होते. तो द्यायला हे मागच्या दारानं वर आले आणि जिन्याच्या मधोमध थांबून खाली बघायला लागले. खाली नायिका मेणबत्ती घेऊन उभी. (ही एरवी दवाखान्यात नर्स आहे, रक्ताबिक्ताला भीत नाही.) तिनं सहज मान वर केली आणि जी किंचाळली, ती मेणबत्ती टाकून थेट फाटकापर्यंत पळाली. कॅमेरा चालूच होता.

भाची पुढे झाली. "काका, परत एकदा तसंच बघा ना."

"कसं?"

"आत्ता बघत होतात तसं. मनात काय होतं तुमच्या?"

"सातवी पायरी," हे म्हणाले. "अर्धा इंच आखूड आहे. कुणीतरी पडेल."

वन्सं, दोन वर्षांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य ते. दुसऱ्या दिवसापासून माझ्या आधी तयार होऊन दारात उभे. सुळे लावायला साफ नकार दिला, मी शिवलेला झगा मात्र घातला. शवपेटी स्वतः टेप लावून मोजली आणि ती आतल्या माणसापेक्षा चार इंच तोकडी आहे म्हणून सुताराला परत पाठवली. सुतारानं हुज्जत घातली नाही. त्याच्याकडे बघितलं होतं.

पहिला खेळ झाला एका सभागृहात, दुपारी चारला. ऐंशी खुर्च्या, पंचाहत्तर माणसं, त्यातली निम्मी टिंगल करायला आलेली. वटवाघूळ आलं, हशा. कबर उघडली, हशा. भाची माझ्या शेजारी नखं खात बसलेली. मग जिन्यावर हे आले. काही केलं नाही, नुसतं बघितलं. सभागृहात चिडीचूप. एवढ्यात तिसऱ्या रांगेतला एक जाडजूड किराणावाला ताडकन उठला आणि पडद्याला हात जोडून ओरडला, "साहेब, आईशप्पथ, आता काटा बरोबर आहे माझा!"

लोकांना वाटलं, हा प्रयोगाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट! तेव्हापासून दर रविवारी सभागृह भरतं. किराणावाला तर चारदा येऊन गेला. मी भाचीला विचारलं, एवढे मोठमोठे सिनेमे सोडून लोक आमची छत्र्यांची वटवाघळं बघायला का येतात? ती म्हणाली, "मावशी, तिथे सगळं आयतं दाखवतात. इथे अर्धी भीती त्यांना घरून आणावी लागते." खरं असेल. खेळ संपला की लोक ह्यांच्याभोवती रांग लावतात आणि म्हणतात, "काका, माझ्याकडे बघा ना." हे एकेकाकडे बघतात. माणसं पांढरीफटक होऊन, खूश होऊन घरी जातात. मला हे इतकी वर्षं घरात फुकट मिळत होतं, पण कदर नव्हती.

एक गोष्ट मात्र मला घरी कधी दिसली नाही, ती पडद्यावर दिसली. तोंड एवढं मोठं झाल्यावर दिसली. वन्सं, ते रागावलेले नसतात हो. वाट बघत असतात, कुणीतरी काही काम सांगेल म्हणून. मी अंधारात डोळे पुसले. शेजारच्या बाईंना वाटलं मी घाबरले, त्यांनी माझा हात धरला. मी धरू दिला.

असो. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा. खोकल्याला जपा.

तुमची भावजय

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहूनच गेलं. भाची दुसरा सिनेमा काढते आहे. त्यात भुताची थोरली बहीण आहे, जिला भूतसुद्धा घाबरतं. भाचीनं आपल्या अल्बममधला तुमचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "ह्यांना मेकअप लागणार नाही." सूचना माझी नव्हे. ह्यांनी मात्र लगेच मान डोलावली.

ता. क. २. संवाद एकही नाही, तेव्हा खोकल्याची सबब चालणार नाही.

ता. क. ३. नकार द्यायचा असेल तर फोनवर देऊ नका. इथे येऊन, भाचीच्या डोळ्याला डोळा भिडवून द्या. ती कॅमेरा चालू ठेवणार आहे.