हो की नाही, एवढंच सांग!

मंगळवार, ३ एप्रिल १९५१

मिळाली! मला माझी पहिली क्लायंट मिळाली! 'पेशंट' म्हणायचं नाही, हा आमच्या समुपदेशन केंद्राचा पहिला दंडक. सल्ला द्यायचा नाही, हा दुसरा. समोरच्याच्या मनात काय आहे ते नीट ऐकायचं आणि त्यालाच परत सांगायचं. त्याची वाट तोच शोधतो.

निळ्या हॅटच्या बाई. (नाव इथेसुद्धा लिहिणार नाही.) मी म्हटलं, "म्हणजे बहिणीचा राग येतो, आणि राग येतो म्हणून लाजही वाटते." बाई थबकल्या, आणि चेहरा असा काही मोकळा झाला! मी ट्रॅम सोडून चालतच घरी आले. चालत कसली, उड्या मारत! शिकागोच्या वाऱ्यानं टोपी पळवली, तिच्यामागे धावताना पोलिसाला धडकले, तरी हसतेच आहे. तो म्हणाला, "बाई, प्यायलात का?"

गुरुवार, ५ एप्रिल

खोलीतली जोडीदारीण विल्मा संतापली. "माझे नवे मोजे तू घातलेस?" मी म्हटलं, "तुझ्या वस्तूंची कुणाला किंमत नाही असं तुला वाटतंय." उशी फेकून मारली!

मग घरमालकीण मिसेस कुबिआक. "पोरी, कोबी वाढू की नको?" "मी उपाशी राहीन याची तुम्हाला काळजी वाटतेय." त्यांनी डाव माझ्या नाकासमोर धरला. "मला काही वाटत नाहीये! कोबी गार होतोय!"

शनिवार, ७ एप्रिल

अरे देवा! माझ्या एमेटनं मागणी घातली — आणि मी काय करून बसले!

प्राणिसंग्रहालयात, सीलच्या तळ्यापाशी. नवा कोट, हातात डबी. मेपासून त्याला कंपनीची दूर ओमाहा शहरातली शाखा मिळतेय — फ्रिज विकण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही — आणि त्याला लग्न करूनच जायचंय. "हॅरिएट, माझ्याशी लग्न करशील?"

मी मान किंचित कलती केली. "तुला एकट्यानं राहायचा कंटाळा आलाय, आणि माझ्या सोबतीची ओढ वाटतेय."

"अगं, म्हणून तर विचारतोय!"

"आणि मी लगेच उत्तर देत नाही म्हणून चीड येतेय."

"हो की नाही, एवढंच सांग!"

"तुला स्पष्ट उत्तर हवंय."

त्यानं डबी खटकन मिटली आणि तरातरा निघून गेला. सील मात्र ओरडत राहिला. मी पोट दुखेपर्यंत हसले, मग बाकावर बसून थोडी रडले. खरं म्हणजे 'हो'च म्हणायचं होतं ना? मग तोंडातून निघालं का नाही?

सोमवार, ९ एप्रिल

आमच्या मार्गदर्शक डॉ. थॉर्न यांना सगळं सांगितलं. "मी काय करू?"

"काय करायचं ते मी सांगावं असं तुम्हाला वाटतंय."

"हो!"

"आणि मी सांगत नाही म्हणून माझा राग येतोय."

"भयंकर येतोय!" मी टेबलावर मूठ आपटली. शाई सांडली. मग दोघी खो खो हसलो. बिचारा एमेट!

दुपारी निळ्या हॅटच्या बाई कितीतरी वेळ गप्प बसल्या. मीही बसले. बोलणं टिपणाऱ्या टेपचं चाक तेवढं फिरत होतं. मग त्या आपणहून म्हणाल्या, "बहिणीकडे जाईन म्हणते. भांडायला का होईना." मला ढसाढसा रडू येणार होतं, आनंदानं! असं काही दुसऱ्या कशात असेल?

बुधवार, ११ एप्रिल

एमेट आला! रुसवा विसरून, कोपऱ्यावरच्या हॉटेलात ॲपल-पाय खायला घेऊन गेला. मी त्याला आमचा खेळ शिकवला. नियम एकच: दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगितल्याशिवाय आपलं काही बोलायचं नाही.

"सोप्पं आहे! बोल."

"ओमाहात असं केंद्र नाही."

"म्हणजे तुला घर लावायला वेळच वेळ!"

"चूक."

"म्हणजे तुला ओमाहाची थोडी धाकधूक वाटतेय, पण स्वयंपाकघर पाहिलंस की —"

"चूक!"

शेवटी कॉफी ओतणाऱ्या बाईला राहवेना. "अहो साहेब, तिचं काम सुटेल म्हणतेय ती!" सगळं काउंटर हसलं. एमेटही हसला, कान लाल करून. किती गोड दिसतो तेव्हा! म्हणाला, "मी सराव करीन. शनिवारी बघ."

शुक्रवार, १३ एप्रिल

डॉ. थॉर्न यांनी विचारलं, पुढचं वर्षही केंद्रात राहाल का? जिन्यात नाचले! विल्मानं विचारलं, "एमेटनं मागणी घातली तेव्हा अशी नाचली होतीस?" मी उशी फेकली.

रविवार, १५ एप्रिल

काल एमेटनं खरंच सराव करून दाखवला. मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मी आधी लग्नाच्या झग्याबद्दल बोलले, मग केंद्राबद्दल, मग केंद्राबद्दलच. थांबले तेव्हा तो सावकाश म्हणाला, "तुझं माझ्यावर प्रेम आहे. पण तुला यायचं नाहीये, आणि माझं मन मोडेल म्हणून तू घाबरतेयस."

मला एक शब्दही दुरुस्त करावा लागला नाही. इतकं बरोबर मला आजवर कुणीच ऐकलं नव्हतं. ओमाहाला तो एकटा जाणार आहे.