केसाएवढी फट

दि. ९, शुक्रवार
वर्कशॉपमधून

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. वहिनींची पाठ आता बरी असेल असं धरून चालते.

काल तुझा निरोप आला. "तू इंजिनही सैल केलंस आणि पोरीलाही. दोन्ही घट्ट कर, मग सही मागा." त्यामुळे हे पत्र लिहावं लागतंय. फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतोस. कागदावर तुला ती सोय नाही.

आधी इंजिनाचं सांगते, कारण ते सोपं आहे.

ठकीने गाडी तुझ्या शेडमधून ताडपत्रीसकट उचलून आणली तेव्हा एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता. 'काय करायचं ते आत्याला विचारून कर,' असं तूच तिला म्हणाला होतास. तिने विचारलं, मी सांगितलं. एकच सिलिंडर आणि त्यात पातेल्याएवढा पिस्टन. अशा इंजिनात चूक लपत नाही, कारण भार वाटून घ्यायला शेजारी दुसरा सिलिंडर नसतो. आम्ही सिलिंडर दोन मिलिमीटरने मोठा केला. व्हॉल्व्हच्या बैठका नव्याने घासल्या, कार्ब्युरेटर मोठा बसवला, तेल थंड राहावं म्हणून पुढे छोटा कूलर लावला. आता दगडांच्या चढावर गिअर न बदलता ती गाडी बैलासारखी मान खाली घालून चढते. तुझ्या काळी ती तक्रार करायची.

पिस्टन फोर्ज्ड आहे. म्हणजे साच्यात ओतलेला नाही, दाबून घडवलेला. दणके सोसतो, पण तापला की जुन्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतो. म्हणून गार असताना त्याच्याभोवती फट जास्त ठेवावी लागते. जास्त म्हणजे माणसाच्या केसाएवढी. त्या फटीमुळे गार इंजिन खडखडतं. गरम झालं की पिस्टन फुगून आपली जागा घेतो आणि आवाज बसतो. ठकीने तुला कौतुकाने फोनवर ऐकवलं ते गार इंजिन होतं. तू गरम होईपर्यंत थांबला नाहीस. फोन ठेवलास.

आणि ही फट मी ठेवलेली नाही, ठकीने ठेवली. मी हात मागे बांधून उभी होते, जे मला फारसं जमत नाही हे तुला ठाऊक आहे. माप घेता घेता ती म्हणाली, बाबा म्हणतात सैल म्हणजे बिघडलेलं. मी विचारलं, तुझे बाबा चप्पल पायाला शिवून घेतात का? त्यावर तिने मला चपलेचं आणि बुटाचं गणित वेगळं कसं, हे समजावून सांगितलं. आमचे लेथवाले काका म्हणाले, बाई, पोरगी तुमच्यासारखी बोलायला लागली. तिने ते कौतुक समजून घेतलं. माझी तशी खात्री नाही.

मंगळवारी तिने जुन्या खाणीच्या चढावर दुपारभर गाडी रगडली. परत आल्यावर मी तिला इंजिन पुन्हा उघडायला लावलं. तोंड वाकडं केलं, पण उघडलं. सिलिंडरच्या भिंतीवर घासकामाच्या तिरक्या रेषा जशाच्या तशा होत्या. एक ओरखडा नाही. मी बोट फिरवलं, मग तिने फिरवलं, मग काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे काम उत्तम झालं.

आता पोरीचं.

रविवारी डोंगरातली शर्यत आहे. गाडी तुझ्या नावावर असल्यामुळे तुझी सही नसेल तर तिला सुरुवातीच्या रेषेवरही उभं करणार नाहीत. वर्षभर तिने याच एका गोष्टीसाठी नखांतलं काळं तेल काढलेलं नाही. हे तुला माहीत आहे, म्हणूनच तू सही अडवून बसलास.

ती पडणारच नाही असं मी लिहून देत नाही. दगडावरून पडली तर पडेल, उठेल. पण चालता चालता इंजिनाने पिस्टन धरला, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि पोरगी पुढे फेकली गेली, असं होणार नाही. हे मात्र मी लिहून देते.

तुझा निरोप पहिल्यांदा वाचला तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा 'सैल' या शब्दाशी थांबले. हा शब्द तुझ्या तोंडून मी पूर्वी एकदा ऐकला आहे. हॉस्पिटलमध्ये, याच गाडीवरून पडून तुझा पाय वर टांगलेला असताना. आपल्या बाबांना तू सांगितलंस की दगड आडवा आला. ते चहा आणायला बाहेर गेले तेव्हा माझा हात धरून म्हणालास, "ताई, पडायच्या आधी फार खडखडत होतं. बाबांच्या हातून सैल राहिलं असणार. त्यांना कळू देऊ नकोस."

म्हणजे तू चिडलेला नाहीस, धाकट्या. फोनवर तुला तोच आवाज ऐकू आला. तुला वाटलं, तीच गाडी, तीच खडखड आणि आता त्यावर ठकी.

तर ऐक. इंजिन सैल नव्हतं, घट्ट होतं. तू हॉस्पिटलात होतास तेव्हा मी ते उघडलं. पिस्टनला चारी बाजूंनी चट्टे पडले होते, धातू पुसून निघाला होता. सैल पिस्टनला तसे चट्टे पडत नाहीत. उन्हात, चढावर पिस्टन फुगला, त्याला जायला जागा नव्हती, त्याने भिंत धरली. तू ऐकलंस ती खडखड त्याच्या धडपडीची होती. बाबांचा हात घट्ट. घट्ट बसलं की चांगलं बसलं, असं त्यांनी आयुष्यभर मानलं. त्या इंजिनाच्या वेळीही मी फट वाढवा म्हणाले होते. तेव्हा म्हणाले, कॉलेजातल्या फटी कॉलेजात ठेव.

तो पिस्टन त्यांनी माझ्या हातात पाहिला. खिशातलं मापाचं गेज काढून माझ्यापुढे ठेवलं आणि त्यानंतर एकही सिलिंडर स्वतः कापला नाही. वर्कशॉप माझ्याकडे आलं ते असं. लोकांना वाटतं, मी भांडून घेतलं. वाटू दे.

तू बाबांना जपत होतास, बाबा तुझ्यासमोर पायाचं नाव काढत नव्हते आणि मी मध्ये बसून दोन्हीकडचं पोस्ट अडवत होते. त्याचा मला पश्चात्ताप नाही. तू दगडालाच दोष देतोस, एवढा आधार बाबांना शेवटपर्यंत पुरला. आता ते नाहीत. दगड बाजूला करायला हरकत नाही.

ठकीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी तू दगडावरून पडलास आणि तेव्हापासून तुला दगडांचा राग आहे. खरं काय ते तुझ्या तोंडून कळावं.

उद्या सकाळी गाडी पूर्ण गार असेल. किक तू मार. पाय बरा नसेल तर डावा वापर, पण तूच मार. खडखडेल. घाबरू नकोस, शेजारी उभा राहा आणि वहिनींना चहा टाकायला सांग. चहा संपायच्या आत आवाज बसेल. तो बसताना ऐक आणि मग काय ते ठरव. मी पुन्हा सही मागणार नाही. ठकीही मागणार नाही, तिला तशी ताकीद दिली आहे.

पोरीला मी सैल सोडलेलं नाही. तिच्याभोवती फट ठेवली आहे. केसाएवढी.

तुझी,
ताई

सोबत पाठवलेल्या वस्तूंची नोंद, म्हणजे नंतर वाद नको:

मोटरसायकल, चालू स्थितीत, ठकी स्वतः चालवत आणते आहे. टाकी मी भरून दिली. सहीचा कागद तिच्या जॅकेटच्या आतल्या खिशात आहे. पेन तुझं वापर. बाबांचं गेज पाठवलेलं नाही, ते मी कालच ठकीला दिलं. त्यावर हक्क सांगू नकोस.

जुना पिस्टन, एक, कापडात बांधून. ठकीला आत काय आहे ते माहीत नाही. गाठ मी मारली आहे. सोडशील तेव्हा तिला समोर बसव.