जास्तीची बाटली

आई, तुझी नाताळची वाईन आता कंप्युटरवर आहे. जगभरात घरच्या घरी बिअर आणि वाईन करणाऱ्या लोकांनी मिळून एक जागा केली आहे. तिथं प्रत्येकानं आपली कृती लिहायची, आणि कुणालाही दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारता येतं, खोडताही येतं. तू म्हणाली असतीस, म्हणजे विहिरीवरच्या बायकांसारखंच की. तसंच आहे, फक्त इथं कुणी कुणाला दिसत नाही.

मी अजून दोहातच आहे, अल नस्रच्या त्याच फ्लॅटमध्ये. हे गेल्यावर सगळे म्हणाले, वसईला परत ये. पण क्लिनिकच्या रिसेप्शनची नोकरी होती आणि मुलीची शाळा होती, म्हणून राहिले. दहावीपुढं मी शिकले नाही हे तुला ठाऊकच आहे. वेटिंग रूममधली मासिकं वाचत वाचत इंग्रजी वाचायला लागले, मग लायब्ररीतून पुस्तकं आणू लागले. तू गेलीस तेव्हा माझ्या पोटात होती ती आता मला माऊस धरायला शिकवते. ती जागाही तिनंच शाळेच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी शोधताना उघडली. मनुकांच्या वाईनचं पान होतं, आणि त्यात मनुका रटरट उकळायला सांगितल्या होत्या. मी म्हटलं, ‘अगं, हे चुकलंय. अशानं काढा होईल.’ ती वर न बघता म्हणाली, ‘ममा, जस्ट एडिट इट.’

मग मी तुझी रीत लिहायला बसले. इथं सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून चर्चमधली मिस्साही शुक्रवारीच. ती झाली की दुपारी बसायचं, शेजारी डिक्शनरी घेऊन. लिहिताना मी आपल्या स्वयंपाकघरातच असते. तू काळ्या मनुका कोमट पाण्यानं धुतेस, पाट्यावर जराशा ठेचतेस. साखर, मूठभर गहू, लवंग, दालचिनी, यीस्ट. बरणीच्या तोंडाला धुवट कपडा, आणि बरणी दारामागच्या अंधारात. मी रोज कपडा उचलून बघायची, आणि एकदा तू पाठीत धपाटा घालून म्हणालीस, ‘एवढी घाई असेल तर सरबत कर आणि पी.’ ते वाक्य मी जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. लोकांना फार आवडलं. इथं घरी असलं काही लावायला बंदी आहे, मी लावत नाही, आठवणीतून लिहिते, हेही मी पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहून टाकलं.

सगळ्यात शेवटी मी एक ओळ लिहिली, की गरजेपेक्षा एक बाटली जास्त भरा, आणि यंदा ज्या घरी वाईन लावलेली नाही तिथं ती आधी पोचवा. दुसऱ्या दिवशी ती ओळ नव्हती. कुठल्यातरी थंड देशातल्या, बिअर करणाऱ्या एका गृहस्थानं ती काढली होती. खाली लिहिलं होतं, ‘बाई, ही कृती आहे. सणाची गोष्ट नको.’ मी ओळ परत घातली. त्यानं परत काढली. आणि वर मलाच विचारलं, ‘ही बाटली घातल्यानं चवीत काय फरक पडतो?’

आई, एरवी मी सोडून दिलं असतं. पण आपल्याकडं ज्या घरी मयत झालं त्या घरी त्या वर्षी नाताळचं काही करत नाहीत, आणि तू बरणीत मनुका टाकतानाच त्या घराची आठवण काढायचीस. तू गेलीस त्या वर्षी मला येता आलं नाही. वहिनीनं फोनवर सांगितलं, ‘अगं, कपाटात जागा नाय उरली. आईनं जन्मभर वाटलेल्या बाटल्या एकदम परत आल्या बघ.’ मी इथं फोन धरून रडले आणि हसलेही. मग हे गेले. त्या नाताळला इथं कोण कुणाला बाटली देणार? संध्याकाळी खालच्या मजल्यावरची रत्नागिरीची भाभी खिरीचं पातेलं घेऊन दारात उभी. ‘औंदा तुझ्याकडून केकचा वास नाय आला गो. म्हटलं, बघून येते.’ आत येऊन बसली, मी दोन घास खाईपर्यंत उठली नाही.

हे सगळं मी त्याला लिहिलं. डिक्शनरी घेतली नाही, चुका झाल्या असतील. शेवटी लिहिलं, ‘गहू काढा, लवंग काढा, सरबताचं वाक्यही काढा, मी काही म्हणणार नाही. वाईन तरीही होईल. ती ओळ काढली तर आईची वाईन होणार नाही. किती लावायची हे ती त्या बाटलीवरूनच ठरवायची.’

रोज कामावरून आले की मी ते पान उघडून बघायची. मुलगी म्हणायची, ‘ममा, खलास, लीव्ह इट.’ एका शुक्रवारी पान उघडलं तर ओळ जागेवर होती. शेवटी नव्हे, त्यानं ती वर, मनुका मोजण्याच्या आधी नेऊन ठेवली होती. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘तुमचं बरोबर. माप इथं ठरतं, म्हणून इथं हवी. लवंग काढणार नाही.’ मी खाली जाऊन भाभीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘वाईन आम्हा मुसलमानांना हराम, पण ती ओळ एकदम हलाल आहे.’ आता लोक तिथं लिहितात, यंदा आमची बाटली कुणाकडं गेली. परवा एका बाईनं लिहिलं, यंदा माझ्या घरी आली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, मला माहीत आहे. तरी तुला सांगून ठेवते. ती ओळ मी तुझी म्हणून लिहिली, आणि तू तसं कधीच म्हणाली नव्हतीस. तू बाटली माझ्या हातात द्यायचीस आणि हनुवटीनं घर दाखवायचीस, बस्स. शब्द माझे आहेत. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि मला वाटतं, सांगणारही नाही.