लाल झाड, हिरवं झाड

मंगळवार, १२ मे, आलापल्ली

आज दादाला मी बनवलेला गेम खेळायला दिला. त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. हिरवा ‘झ’ म्हणजे साधं झाड, लाल ‘झ’ म्हणजे झाडामागे वाघ. दादा चारदा लाल ‘झ’कडेच गेला आणि चारदा मेला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “आंधळा हायेस का रे दादा?”

तो हसला. “मले दोन्ही सारखेच दिसते. तेंदूचं पानबी मी बोटानं चाचपूनच तोडतो ना.”

बोटानं! इतकी वर्षं त्याच्यासोबत पानं तोडतोय. लालसर कवळं पान तो चाचपून सोडतो, हे रोज पाहतो. ‘काऊन चाचपतो?’ असं एकदाही विचारलं नाही.

वाघासाठी ‘व’ टाकला. एका मिनिटाचं काम. दादाला सांगितलं, तर तोच ओशाळून म्हणाला, “माह्यामुळे तुह्यं काम वाढलं.”