घुमटाखाली मारलेली हाक

प्रिय अहो,

नमस्कार. आम्ही दोघी बहिणी मजेत आहोत. काल दिवसभर जुनी देवळं आणि मशिदी पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी चपला काढायच्या, मग शोधत बसायचं. संध्याकाळी पाहते तर तुमच्या मेहुणीच्या पायात एक तिची, एक माझी. तरी बाई ऐटीत चालत होती.

मशिदीच्या खांबावर दगडातली नाजूक वेल आहे. देवळातही हुबेहूब तशीच. कारागीर एकच असावा.

शेवटी एका भल्यामोठ्या घुमटाखाली गेलो. गाईड म्हणाला, “कुणालाही हाक मारा, परत ऐकू येते.” सगळ्यांनी आपापल्या मुलांना हाका मारल्या. माझ्या तोंडून निघालं, “अहो!” ते असं घुमलं, की चार-पाच नवरे दचकून वळले. मी लाजेनं चूर, आणि धाकटीची हसून मुरकुंडी वळली.

गुडघा शेकताय ना? जिना एकट्यानं उतरू नका. तुम्ही हट्टानं पाठवलंत, बरं केलंत.

एवढा मोठा घुमट, पण नुसतं ‘अहो, अहो’ करत राहिला. ‘काय गं?’ म्हणायचं काही त्याला जमलं नाही.

तुमचीच,
अगं